छायाचित्राच्या पाठीवरची अदृश्य नोंद

पूर्वी छायाचित्रे धुऊन घरी आली, की घरातील एखादे वडीलधारे माणूस ती उलटी करून त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवीत असे. कोठे काढले, केव्हा काढले, चित्रात कोण कोण आहे, एवढीच ती नोंद. वीस-पंचवीस वर्षांनी अल्बम चाळताना ती एक ओळ चित्राइतकीच मोलाची ठरे.

आजच्या छायाचित्राला पाठच उरलेली नाही. ते मोबाइलच्या काचेवर उमटते आणि आकड्यांच्या रूपाने साठविले जाते. मग पाठीवरची ती नोंद नाहीशी झाली काय? नाही. उलट ती पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढली आहे. फरक इतकाच, की आता ती आपण लिहीत नाही, कॅमेराच लिहितो. आणि ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे आपण छायाचित्र कोणाला पाठविले, की त्याबरोबर नोंदही पाठवितो याचे भान आपल्याला राहत नाही.

ही नोंद कशी लिहिलेली असते, ती एकाच वेळी शेकडो छायाचित्रांमधून कशी काढून टाकता येते, आणि ती काढताना फाइलींच्या तारखा मात्र का व कशा जपाव्यात, हे या लेखात पाहू या.

नोंदीत असते तरी काय?

माहितीविषयीच्या माहितीला 'मेटाडेटा' असे म्हणतात. ग्रंथालयातील पुस्तक ही माहिती, तर त्या पुस्तकाचे कार्ड हा मेटाडेटा. छायाचित्रातील अशा नोंदीसाठी जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये एक ठरावीक पद्धत प्रसिद्ध केली. तिला 'एक्झिफ' असे म्हणतात. आज जगातील जवळजवळ सर्व डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल हीच पद्धत वापरतात.

एक्झिफ नोंदीत प्रत्येक बाबीला एक क्रमांक दिलेला आहे. २७१ म्हणजे कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीचे नाव, २७२ म्हणजे कॅमेऱ्याचे मॉडेल, २७४ म्हणजे कॅमेरा उभा धरला होता की आडवा, ३३४३४ म्हणजे प्रकाश किती वेळ आत घेतला, आणि ३६८६७ म्हणजे छायाचित्र काढल्याची तारीख व वेळ. ३४८५३ हा क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. तो एका वेगळ्या कोष्टकाकडे बोट दाखवितो, आणि त्या कोष्टकात छायाचित्र काढल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश असतात. मोबाइलमधील कॅमेऱ्याला 'स्थळ नोंदविण्याची' परवानगी दिलेली असेल, तर हे कोष्टक प्रत्येक चित्रात आपोआप भरले जाते.

याशिवाय बहुतेक वेळा नोंदीच्या आत मूळ चित्राचीच एक चिमुकली प्रतही ठेवलेली असते. अनेक चित्रांची यादी झटपट दाखविता यावी, हा तिचा उद्देश.

ही माहिती निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. छायाचित्रणाचा अभ्यास करणाऱ्याला प्रकाशकाल व भिंगाची माहिती फार उपयोगी पडते. वनस्पतींची पाहणी करणाऱ्याला स्थळाची नोंद हवीच असते. प्रश्न उद्भवतो तो ही माहिती ज्याला द्यायची नाही त्याच्याही हाती पडते तेव्हा.

जागा किती नेमकी समजते?

याचे गणित सोपे आहे. पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर अंतर. एका अंशात ६० मिनिटे आणि एका मिनिटात ६० सेकंद, म्हणजे एका अंशात ३,६०० सेकंद. म्हणून अक्षांशाचा एक सेकंद = १,११,००० ÷ ३,६०० = सुमारे ३१ मीटर.

एक्झिफमध्ये अंश, मिनिटे व सेकंद हे तिन्ही अपूर्णांकांच्या रूपात लिहितात. समजा, पुण्यातील एका छायाचित्रात १८/१, ३१/१ आणि १३२०/१०० असे तीन अपूर्णांक आढळले. म्हणजे १८ अंश ३१ मिनिटे १३.२० सेकंद उत्तर अक्षांश. येथे छेद १०० आहे, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लिहिलेला आहे. आणि ३१ मीटरचा शंभरावा भाग म्हणजे केवळ ३१ सेंटिमीटर! अर्थात मोबाइलला मिळणारे उपग्रहांचे संकेत इतके अचूक नसतात. मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांची चूक राहतेच, आणि उंच इमारतींमध्ये ती वाढते. तरीसुद्धा काही मीटर म्हणजे कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात एवढे सांगायला पुरेसे झाले.

तेव्हा "माझी नवी सायकल" म्हणून घराच्या ओट्यावर काढलेले छायाचित्र एखाद्या अनोळखी माणसाला मूळ फाइलच्या रूपात पाठविले, तर आपण सायकलीबरोबर घराचा पत्ताही दिला असे होते. शाळेने स्नेहसंमेलनाची छायाचित्रे प्रसिद्ध केली तर शाळेची जागा कळली एवढेच. ती तर सर्वांनाच ठाऊक असते. पण त्याच संचात एखाद्या विद्यार्थ्याने घरी काढून दिलेले छायाचित्र असेल, तर गोष्ट वेगळी होते.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. संगणकाच्या विषाणूंवर उपाय करणाऱ्या कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी हे २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतील बेलीझ देशात राहत होते. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती, आणि ते लपून बसले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात व्हाइस या नियतकालिकाने आपला वार्ताहर त्यांच्याबरोबर असल्याचे दाखविणारे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. छायाचित्र मोबाइलवर काढलेले होते आणि त्यातील स्थळाची नोंद काढलेली नव्हती. वाचकांनी ती उघडून पाहिली, तेव्हा ते शेजारच्या ग्वाटेमाला देशात असल्याचे उघड झाले. थोड्याच दिवसांत तेथील पोलिसांनी त्यांना बेकायदा प्रवेशाबद्दल ताब्यात घेतले. ज्या पत्रकारांना पत्ता गुप्त ठेवायचा होता, त्यांनीच तो छापला होता!

हा धोका केवळ माणसांनाच नाही. दुर्मीळ प्राण्याचे किंवा आमराचे छायाचित्र स्थळासह प्रसिद्ध झाले, तर ते चोरट्या शिकाऱ्यांना आयता नकाशा पुरविते. म्हणूनच निसर्गनिरीक्षणे नोंदविणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे खरे ठिकाण सर्वांना दाखवीत नाहीत. ०.२ अंश लांबी-रुंदीच्या चौकोनात कोठेतरी एक ठिपका दाखवितात. ०.२ अंश म्हणजे दक्षिणोत्तर किती किलोमीटर, हे तुम्ही आता स्वतःच काढू शकाल.

फाइलच्या पोटात

आता ही नोंद नेमकी कोठे असते ते पाहू. सर्वांत जास्त प्रचारात असलेली फाइल म्हणजे 'जेपेग' पद्धतीची. तिचे प्रमाण १९९२ मध्ये ठरले. कोणतीही फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील संख्यांची एक लांबलचक रांग होय. या प्रत्येक संख्येला एक बाइट म्हणतात.

जेपेग फाइलची रचना आगगाडीसारखी असते. सर्वांत पुढे इंजिन असावे तसे २५५ आणि २१६ हे दोन बाइट असतात. 'येथून चित्र सुरू' असा त्यांचा अर्थ. त्यानंतर एकामागून एक डबे जोडलेले असतात. प्रत्येक डब्याच्या दारावर दोन बाइटांची खूण असते. त्यांपैकी पहिला बाइट नेहमी २५५, तर दुसरा डब्याचा प्रकार सांगतो. उदाहरणार्थ, २२५ म्हणजे एक्झिफचा डबा, २३७ म्हणजे वृत्तपत्रे वापरतात त्या मथळा-श्रेयनामांचा डबा, २५४ म्हणजे टिपणीचा डबा, आणि २१९, १९२ व १९६ म्हणजे चित्र उलगडण्यासाठी लागणाऱ्या कोष्टकांचे डबे. २१८ ही खूण आली, की तिच्यापुढे प्रत्यक्ष चित्र सुरू होते. शेवटी गार्डाच्या डब्यासारखे २५५ आणि २१७ हे दोन बाइट असतात.

येथे एक शंका येईल. चित्राच्या आकड्यांमध्येच कोठे २५५ ही संख्या आली, तर ती खूण समजली जाणार नाही काय? ही अडचण ओळखून असा नियम केला आहे, की चित्राच्या भागात २५५ आल्यास त्याच्यापुढे लगेच एक शून्य घालावे. २५५ च्या पुढे शून्य दिसले, की वाचणारा समजतो, ही खूण नाही, चित्राचाच भाग आहे.

डबा किती लांब आहे हे त्याच्या दारावरच लिहिलेले असते. खुणेनंतरचे दोन बाइट म्हणजे डब्याची लांबी. पहिल्या बाइटला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवायचा. समजा, एका फाइलीत २५५, २२५, ३६, १० असे चार बाइट आढळले. २५५ आणि २२५ ही एक्झिफची खूण झाली. लांबी = ३६ × २५६ + १० = ९,२१६ + १० = ९,२२६ बाइट. या लांबीत ते दोन लांबीचे बाइटही धरलेले असतात, पण खुणेचे दोन धरलेले नसतात. म्हणजे संपूर्ण डबा ९,२२८ बाइटांचा. दोन बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ असल्याने एका डब्याची लांबी त्याहून जास्त होऊ शकत नाही.

आता युक्ती लक्षात आली ना? गाडीतून एक डबा सोडवायचा आणि त्याच्या मागचा डबा पुढच्याला जोडायचा. ३०,००,००० बाइटांच्या फाइलीतून वरील डबा काढला, तर २९,९०,७७२ बाइटांची फाइल उरेल. चित्राच्या एकाही ठिपक्यात फरक पडणार नाही, कारण चित्राच्या डब्याला आपण हातही लावलेला नाही.

अनेक जण हे काम निराळ्या रीतीने करतात. चित्र एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून पुन्हा साठवितात, किंवा पडद्याचेच छायाचित्र घेतात. पहिल्या रीतीत चित्र उलगडून पुन्हा दाबले जाते आणि दर वेळी थोडा थोडा तपशील गमावला जातो; शिवाय काही प्रोग्राम जुनी नोंद जशीच्या तशी पुन्हा जोडून देतात! दुसऱ्या रीतीत चित्राचे ठिपकेच कमी होतात. डबा सोडविण्याची रीत या दोन्हींपेक्षा सरस आहे.

तारीख फाइलीत नसते!

नोंद काढली, पण दुसराच एक घोटाळा होतो. फोल्डर उघडून पाहिले, तर सर्व छायाचित्रांवर आजची तारीख. जानेवारीतील झेंडावंदन, जूनमधील शाळाप्रवेश आणि डिसेंबरातील सहल, सारे एकाच दिवशी घडल्यासारखे दिसते. हे का झाले?

फाइलची तारीख ही फाइलच्या आत लिहिलेली नसते. शाळेच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर असते. पत्र फाइलीत राहते, पण ते केव्हा आले हे लेखनिक रजिस्टरात लिहितो. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टिम ही अशीच एक दक्ष लेखनिक आहे. प्रत्येक फाइलसाठी ती आपल्या रजिस्टरात तारखा लिहून ठेवते : फाइलीतील मजकूर शेवटी केव्हा बदलला, ती शेवटी केव्हा वाचली, आणि बहुतेक ठिकाणी, ती या जागी प्रथम केव्हा निर्माण झाली. आपण डबा काढला म्हणजे मजकूर बदलला. लेखनिकाने नियमाप्रमाणे आजची तारीख घातली. तिचा काही दोष नाही.

ही तारीख ती लिहिते तरी कशी? युनिक्स कुळातील ऑपरेटिंग सिस्टिम १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे) किती सेकंद झाले, ते मोजतात. विंडोजची नेहमीची पद्धत १ जानेवारी १६०१ पासून सेकंदाचा एक कोटीवा भाग हे एकक धरून मोजते. लहान मेमरी कार्डांवर आढळणारी जुनी 'फॅट' पद्धत मात्र मोठी गमतीची आहे. तिच्यात वेळेसाठी फक्त १६ द्विमान अंक दिलेले आहेत. तासांसाठी ५, मिनिटांसाठी ६. मग सेकंदांसाठी उरले ५. पाच द्विमान अंकांत ० ते ३१ एवढ्याच संख्या मावतात, आणि सेकंद तर ६० असतात. म्हणून तेथे दोन दोन सेकंदांच्या जोड्या मोजतात. परिणामी अशा कार्डावरील फाइलची बदलाची वेळ नेहमी सम सेकंदांतच असते! अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या 'झिप' पद्धतीनेही मुळात हीच रीत उचलली आहे.

कार्डावरील फॅट पद्धत आणखी एक गोष्ट लिहीत नाही, ती म्हणजे वेळ कोणत्या देशाची. एक्झिफच्या तारखेचेही पुष्कळ वर्षे असेच होते. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद मिळून १९ अक्षरे लिहायची आणि शेवटी एक शून्य, असे तिचे २० बाइट. ग्रीनिचपासून किती तासांचा फरक, हे लिहिण्याची सोय २०१६ च्या सुधारणेत झाली. म्हणून परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेल्या चित्रांच्या वेळा आपल्या चित्रांबरोबर लावताना साडेपाच तासांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो.

तारीख कशी जपावी?

उपाय साधा आहे. पत्राला हात लावण्यापूर्वी रजिस्टरातील जुनी तारीख एका कागदावर टिपून घ्यायची. पत्रातील ओळ खोडायची. मग लेखनिकाला सांगायचे, "याची तारीख कागदावर आहे तीच पुन्हा लिहा." ऑपरेटिंग सिस्टिमला अशी विनंती करण्याची सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांना उपलब्ध असते. मात्र क्रम पाळायला हवा. फाइल लिहून, बंद करून झाल्यावरच तारीख घालायची. फाइल उघडी असतानाच तारीख घातली आणि नंतर तीत काही लिहिले गेले, तर लेखनिक पुन्हा आजची तारीख घालून मोकळी होते.

तारीख जपणे एवढे महत्त्वाचे का? मोबाइल किंवा संगणक छायाचित्रांची क्रमवारी लावताना प्रथम एक्झिफमधील तारीख पाहतो. ती नसेल, तर फाइलची तारीख पाहतो. आपण एक्झिफ काढून टाकले आणि फाइलची तारीखही बदलली, तर चित्र केव्हाचे हे सांगणारे बहुधा काहीच उरत नाही. पाठीवरची ओळ खोडताना वर्षही खोडल्यासारखे ते होईल. शाळेच्या इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान भरून न येणारे आहे.

याचीच दुसरी बाजूही ध्यानात घ्या. जी तारीख कोणताही प्रोग्राम विनंती करून बदलू शकतो, ती एकटी पुरावा म्हणून चालणार नाही. युनिक्स कुळात यासाठी आणखी एक तारीख असते. रजिस्टरातील नोंद स्वतःच केव्हा बदलली, ते तिच्यात लिहिले जाते. आणि ती बदलण्याची विनंती लेखनिक स्वीकारीत नाही. म्हणजे आपण बदलाची जुनी तारीख परत घातली, तरी "ही तारीख आज घातली" अशी खूण मागे राहतेच.

तीनशे छायाचित्रांचे काम

एका छायाचित्राला हाताने हे सर्व करायला ४० सेकंद लागतात असे धरू. ३०० छायाचित्रांना १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे लागतील. आणि कंटाळलेला माणूस दोन-चार चित्रे विसरेल ते वेगळेच. एकच कृती न कंटाळता पुनःपुन्हा करणे हे तर संगणकाचे खरे काम. त्याला कृतीची यादी अशी द्यावी लागते :

१. मूळ फोल्डरची प्रत करा, मात्र तारखांसह. पुढील सर्व काम प्रतीवरच करा.

२. प्रतीतील पहिली फाइल घ्या व तिची बदलाची तारीख टिपून ठेवा.

३. पहिले दोन बाइट २५५ व २१६ आहेत काय ते पाहा. नसल्यास ही जेपेग फाइल नव्हे. तिचे नाव वेगळ्या यादीत लिहा आणि पुढच्या फाइलीकडे जा.

४. एक तात्पुरती नवी फाइल उघडा. जुन्या फाइलीतील डबे एकेक करून पाहा. २२५, २३७ व २५४ या खुणांचे डबे सोडा. बाकीचे नव्या फाइलीत उतरवा. सोडण्यापूर्वी एक्झिफमधील २७४ क्रमांकाची नोंद, म्हणजे चित्र उभे की आडवे, ती टिपून ठेवा.

५. २१८ ची खूण आल्यावर पुढील सर्व बाइट २५५, २१७ ही समाप्तीची खूण येईपर्यंत जसेच्या तसे उतरवा.

६. नवी फाइल बंद करा. ती उघडते आहे याची खात्री करा. मग तिला टिपून ठेवलेली तारीख द्या.

७. तात्पुरत्या फाइलीला जुन्या फाइलीचे नाव द्या. नाव बदलल्याने बदलाची तारीख बदलत नाही.

८. फोल्डर संपेपर्यंत हेच करीत राहा.

चौथ्या पायरीतील २७४ ची नोंद कशासाठी? मोबाइल उभा धरून काढलेले चित्र पुष्कळदा आडवेच साठविले जाते, आणि 'दाखविताना ९० अंशांनी फिरवा' अशी सूचना नोंदीत लिहिली जाते. नोंदीतील आकडा १ असेल तर चित्र सरळ, ३ असेल तर उलटे, आणि ६ असेल तर उजवीकडे पाव वळण द्यायचे. ही सूचनाही काढली, तर मुख्याध्यापक चित्रात आडवे झोपलेले दिसतील! म्हणून फक्त एवढीच एक नोंद असलेला छोटा एक्झिफ डबा पुन्हा जोडतात.

पाचव्या पायरीत समाप्तीच्या खुणेपाशी थांबण्यालाही कारण आहे. काही मोबाइल त्या खुणेच्याही पुढे दोन-तीन सेकंदांचा हलत्या चित्राचा तुकडा जोडून ठेवतात. चित्र पाहणाऱ्याला तो दिसत नाही, पण फाइलबरोबर तो जातो.

हा प्रोग्राम प्रत्येकाने स्वतः लिहायला हवा असे नाही. कॅनडातील फिल हार्वे यांनी २००३ पासून विकसित केलेले 'एक्झिफटूल' हे विनामूल्य साधन जगभर वापरले जाते. त्याची आज्ञा वाचण्यासारखी आहे. 'ऑल' या शब्दापुढे बरोबरचे चिन्ह द्यायचे आणि त्यापुढे काहीच लिहायचे नाही; म्हणजे 'सर्व नोंदी = रिक्त'. सोबत मोठ्या लिपीतील 'पी' हे अक्षर दिले, की ते फाइलची बदलाची तारीख जपते. शेवटी फोल्डरचे नाव दिले, की सारा फोल्डर एका दमात पार पडतो. सांगितल्याशिवाय ते मूळ फाइल नष्ट करीत नाही. नावाला 'ओरिजिनल' हा शब्द जोडून ती बाजूला ठेवते. फाइलची तारीख आधीच बिघडलेली असेल, तर एक्झिफमधील तारीख उचलून ती फाइलला देण्याचीही सोय त्यात आहे. अर्थात ते काम नोंद पुसण्यापूर्वी करावयाचे, हे सांगणे नलगे. विंडोजमध्येही अनेक चित्रे एकदम निवडून 'प्रॉपर्टीज'मधून वैयक्तिक माहिती काढता येते, पण तेथे काय राहिले व काय गेले हे नंतर तपासून पाहावे. आयफोनसारख्या मोबाइलांत २०१७ पासून आढळणाऱ्या 'हाइक' पद्धतीच्या फाइलींची रचना निराळी असते. त्यांना वरील डब्यांची युक्ती लागू पडत नाही. त्यांच्यासाठी अशी तयार साधनेच वापरावीत.

एवढ्याने सारे लपते काय?

नाही. चित्रातच घराची पाटी, गाडीचा क्रमांक किंवा गणवेशावरील नावाची पट्टी दिसत असेल, तर नोंद काढून काय उपयोग? फाइलच्या नावाकडेही लक्ष द्यावे. अनेक मोबाइल तारीख व वेळ नावातच गुंफतात. चित्राचा नको असलेला भाग कापून टाकला, पण नोंदीतील चिमुकली प्रत जुनीच राहिली, तर कापलेला भाग तीत दिसू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवेतून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठविले, तर चित्र लहान होताना नोंद गळून जाते. पण स्पष्ट दिसावे म्हणून तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले, तर मूळ फाइल सर्व नोंदींसह जाते. ई-मेललाही हेच लागू आहे.

शिक्षकांनी शाळेच्या छायाचित्रांचे दोन संच ठेवावेत. एक 'मूळ संच', सर्व नोंदींसह, शाळेच्या कपाटात. आणि दुसरा 'प्रसिद्धी संच', नोंदी काढलेला पण तारखा जपलेला. अपघात, भांडण किंवा तक्रार यांसंबंधीच्या मूळ छायाचित्रांतील नोंदी मात्र कधीही पुसू नयेत. तेथे त्या नोंदीच सत्य सांगणार असतात.

करून पाहा

आपल्या मोबाइलवरील एका छायाचित्राची प्रत संगणकावर घ्या. 'प्रॉपर्टीज' उघडून तिच्यातील नोंदी वहीत उतरवा. अक्षांश-रेखांश असल्यास नकाशावर ती जागा शोधा आणि प्रत्यक्ष जागेपासून ती किती मीटर चुकते ते मोजा. मग बाइट दाखविणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये तीच प्रत उघडा आणि पहिले दोन व शेवटचे दोन बाइट पाहा. असे प्रोग्राम बहुधा सोळा पायाच्या संख्या दाखवितात, तेव्हा २५५ च्या जागी 'एफएफ' दिसेल.

डोके चालवा

१. एका एक्झिफ डब्याच्या लांबीचे बाइट १२ व ८० आहेत. खुणेसह संपूर्ण डबा किती बाइटांचा?

२. विंडोजमधील एका फाइलीच्या निर्मितीची तारीख १० जून आहे आणि बदलाची तारीख त्याच वर्षीची २६ जानेवारी. जन्मापूर्वीच बदल कसा झाला?

३. १ जानेवारी १९७० पासून १ जानेवारी २००० पर्यंत किती सेकंद झाले?

उत्तरे : (१) १२ × २५६ + ८० = ३,१५२; खुणेचे २ मिळवून ३,१५४ बाइट. (२) फाइलची १० जूनला प्रत केली. प्रतीचा जन्म त्या दिवशीचा, पण मजकूर जानेवारीनंतर बदललेला नाही. (३) ३० वर्षांत ७ लीप वर्षे, म्हणून १०,९५७ दिवस. त्यांना ८६,४०० ने गुणून ९४,६६,८४,८०० सेकंद.